दीपगृहाला राखणदार असतो, पुलाला का नाही?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा दगडी पूल पुरात वाहून गेला, तेव्हा त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही गेल्या. एक राजापूरहून बोरिवलीला निघालेली, दुसरी जयगडहून मुंबईला. जयगडला १९३२ पासून दीपगृह आहे. समुद्रातून जाणारे जहाज कुठल्या देशाचे, त्यातला माल कुणाचा, याची विचारपूस न करता ते रोज दिवेलागणीला पेटते आणि किनारा कुठे आहे ते सांगते. त्याच गावाहून सुटलेल्या एसटीच्या चालकाला मात्र पुढे पूल उरलेला नाही, हे सांगायला कोणी नव्हते. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराला गाड्यांचे दिवे पुलावरून एकाएकी दिसेनासे होताना दिसले, त्याने मालकाला उठवले आणि त्यांनी धावाधाव करून मागची वाहने अडवली, म्हणून बळींची संख्या चाळिशीच्या आसपास थांबली. राष्ट्रीय महामार्गावरचा पूल पडल्याची पहिली वर्दी देणे हे त्या दोघांचे काम नव्हते. ज्यांचे काम होते असे कुणी तिथे नेमलेलेच नव्हते, आणि आजही महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या पुलांवर नाही. समुद्रावरच्या सुरक्षेसाठी दीडशे वर्षांत जी शिस्त आपण बसवली, ती नदीवर आणली नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे. जुने पूल वयामुळे पडतात हा समज त्यापुढे गौण आहे.

हे वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या वाचकाने कशासाठी वाचावे? तालुका समुद्रपूर असला तरी इथून समुद्र गाठायला अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. पण जाम चौरस्त्याचे गाव आहे. नागपूरहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. हैदराबादचा रस्ता म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, जुन्या ट्रकचालकांच्या तोंडचा ‘सात नंबर’. जामहून दक्षिणेला निघालेले वाहन हिंगणघाटला वणा नदी ओलांडते आणि पुढे पोहण्याजवळ वर्धा नदी. महामार्ग सोडून आत वळले की जोडरस्त्यांवर नाले, रपटे आणि ठेंगणे पूल सुरू होतात, आणि आषाढ-श्रावणात त्यांतले अनेक पाण्याखाली असतात. याच वर्धा नदीत वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटली आणि एकाच कुटुंबगोतातले अकरा जण बुडाले. तेव्हा पाण्यातल्या सुरक्षेचा प्रश्न कोकणाचा, आपला नव्हे, असे विदर्भाने मानण्यात अर्थ नाही.

दीपगृह म्हटले की उंच मनोरा आणि वर दिवा एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. त्यामागे केवढी व्यवस्था उभी असते, ते मुंबईच्या तोंडाशी दिसते. खांदेरीच्या बेटावर, जिथे एकेकाळी मराठ्यांच्या आरमाराची ठाणी होती, तिथे १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. कुलाब्याच्या दक्षिणेला पाण्यात शिरलेल्या खडकांच्या दांड्यावर टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअरने बांधलेले प्रॉंग्स दीपगृह १८७५ चे. तिथे पायी जायचे तर ओहोटीची वेळ धरावी लागते. वीज येण्याआधी अशा दीपगृहात तेलाचा दिवा असे आणि त्याभोवती काचेचे भलेमोठे भिंग फिरत असे. काही ठिकाणी भिंगाचे वजन पेलायला पाऱ्याची कुंडी असे. फिरण्याची शक्ती यायची मनोऱ्याच्या पोकळीत साखळीला टांगलेल्या वजनातून. ते हळूहळू खाली उतरे आणि दर काही तासांनी राखणदाराला हाताने किल्ली फिरवून वर ओढावे लागे. राखणदाराचा डोळा लागला की भिंग थांबे. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते. किती सेकंदांनी किती झोत, यावरून खलाशी ओळखतो की हे अमुक दीपगृह. त्यामुळे चुकीच्या गतीने फिरणारा दिवा बंद दिव्याहून घातक. म्हणून वही आली: दिवा किती वाजता लावला, किती वाजता मालवला, हवा कशी होती, काय बिघडले, कुणाची पाळी होती. दिवा बिघडला तर ती गोष्ट दडवून ठेवता येत नसे. खलाशांसाठी सूचना काढून ती जगजाहीर करावी लागे. १९२७ च्या दीपगृह कायद्याने या कामाची जबाबदारी केंद्र सरकारवर टाकली आणि त्याचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांकडून वेगळे शुल्क घेऊन भागवण्याची सोय केली. २०२१ मध्ये त्या जागी नवा कायदा आला, पण रचना तीच राहिली. नेमलेला माणूस, रोजची नोंद, राखून ठेवलेला पैसा आणि दोष जाहीर करण्याची सक्ती. पुलांच्या बाबतीत आपल्याकडे या चारांपैकी नेमके काय आहे, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.

दीपगृह आणि पूल यांचे नाते नुसते उपमेपुरते नाही. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या समुद्रात एडिस्टन नावाचा खडक आहे. तिथला पहिला लाकडी मनोरा १७०३ च्या वादळात, तो बांधणाऱ्या माणसासकट, वाहून गेला. १७५५ मध्ये पुढचा जळाला. मग जॉन स्मीटनने १७५९ मध्ये एकमेकांत खाचांनी गुंतवलेल्या दगडांचा मनोरा उभारला आणि त्यासाठी पाण्यातही घट्ट होणारा चुना शोधला. आजच्या सिमेंटच्या कुळाचा एक मूळ पुरुष तो. हा मनोरा शंभराहून अधिक वर्षे लाटा खात उभा राहिला आणि शेवटी दगा दिला तो त्याच्या खालच्या खडकाने. लाटांनी खडक पोखरला, वादळात मनोरा हादरू लागला, ते वेळीच ध्यानात आले आणि शेजारच्या खडकावर नवे दीपगृह बांधून १८८२ मध्ये ते सुरू झाले. जुन्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर मांडला, तो आजही तिथे आहे. माणूस एकही गेला नाही. याच स्मीटनने उत्तर इंग्लंडमध्ये हेक्सम इथे टाइन नदीवर कमानींचा पूल बांधला. तो १७८० मध्ये पुरा झाला आणि मार्च १७८२ च्या पुरात कोसळला, कारण पाण्याने पायाखालची रेती-गोटे उकरून नेले. कारागीर एक, ज्ञान तेच, हातही तेच. समुद्रातल्या खडकावर शतक टिकणारा मनोरा उभारणारा माणूस नदीच्या तळाने दोन वर्षांत हरवला. नदीचा तळ किती बेभरवशाचा असतो याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

हे तळ उकरणे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळे पाणी इथेच मुरते. पुराचा लोंढा पुलाच्या खांबावर आदळतो, तेव्हा त्यातले काही पाणी खांबाला धरून खाली वळते आणि गिरमिटासारखे पायाशी खड्डा पाडते. पूर भरात असतो तेव्हा खड्डा सर्वांत खोल असतो. पूर ओसरू लागला की वाहत आलेली मोकळी रेती त्या खड्ड्यात बसते आणि तळ पुन्हा सपाट दिसू लागतो. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात उतरून पाहणी करणाऱ्याला खांबाभोवती सगळे आलबेल दिसते. भरलेली ती रेती पुढच्या पुरात पहिल्या तासाभरात निघून जाईल, हे वरून कळत नाही. त्यात रेतीघाटांवरून बेसुमार उपसा झाला की आख्खे पात्रच खाली जाते आणि पाया उघडा पडू लागतो. पुलाजवळ रेती उपसायला बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे नदीकाठच्या कुठल्याही गावात विचारावे. सावित्रीच्या पुलाची पाहणी मे २०१६ मध्ये झाली होती आणि तो वाहतुकीला सुरक्षित आहे असा निर्वाळा मिळाला होता, असे दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितले. हे विधान खरे असेल तर ते अधिकच गंभीर आहे. याचा अर्थ पाहणी झाली, प्रामाणिकपणे झाली, आणि तरीही तीन महिन्यांत पूल गेला. पाहणी होते की नाही यापेक्षा ती कधी आणि कशाची होते, हा प्रश्न मोठा आहे.

कागदावरच्या तपासणीवर विसंबण्याची किंमत आपण पुन्हा पुन्हा मोजली आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला संध्याकाळच्या गर्दीत पडला आणि सात जण गेले. त्याच्या संरचनेची तपासणी आधीच झाली होती आणि किरकोळ दुरुस्तीचा शेरा मारून तो वापरायोग्य ठरवला गेला होता. गुजरातमध्ये मोरबीचा मच्छू नदीवरचा झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला केल्यावर चारच दिवसांत, ३० ऑक्टोबर २०२२ ला तुटला. १३५ माणसे मेली. चौकशी पथकाला आढळले की एका मुख्य दोरखंडातल्या ४९ तारांपैकी २२ आधीपासूनच गंजलेल्या होत्या. रंग नवा होता, पायाखालच्या फळ्या नव्या होत्या. जे दिसते ते बदलले आणि जे वजन पेलते ते तसेच राहिले.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ आहे: ब्रिटिशांच्या काळातले पूल पाडून टाका, नवे बांधा. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला, तेव्हा पैसा आणि इच्छा असली की काम होते हे दिसलेच. आक्षेपात तथ्य आहे. आजच्या ट्रकांचे वजन न पेलणारे, कठडे कमकुवत असलेले अनेक पूल वाहतुकीतून काढलेच पाहिजेत. पण नवेपणा हा सुरक्षेचा पुरावा नाही. गुजरातमध्येच मही नदीवरचा गंभीरा पूल १९८५ चा. तो ९ जुलै २०२५ ला तुटला आणि सुमारे वीस माणसे गेली. चाळीस वर्षे हे पुलाचे वय नव्हे. उलट सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. कृष्णेचे पूर त्याने किती पाहिले ते पाहा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्याकडे सगळी सांगली डोळे लावून असते. पुलाशी पाण्याची पातळी फुटांत मोजली जाते. चाळीस फूट झाले की इशारा, पंचेचाळीस झाले की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली. दर पावसाळ्यात त्या पुलाचा आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो, लोक एकमेकांना फोनवर विचारतात आणि त्यावरून कुठल्या गल्लीतले सामान कधी वर चढवायचे ते ठरते. हे दीपगृहाचेच काम झाले. फरक एवढाच की तिथे पाणी मोजणारा, आकडा कळवणारा आणि त्यावरून हलणारे प्रशासन ही साखळी जुळलेली आहे. तशी ती वणेवर हिंगणघाटला किंवा इथल्या पोथरा नदीवर का जुळू नये? खर्च आहे तो एका रंगवलेल्या पट्टीचा आणि तो वाचून कळवणाऱ्या माणसाच्या पगाराचा.

जुन्या पुलांची निगा राखता येते हे सिद्ध करायला सांगलीलाही जायला नको. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि पुलगावजवळ तो आपल्याच जिल्ह्यात वर्धा नदी ओलांडतो. रेल्वेच्या पुलाकडे जरा थांबून पाहिले तर त्यावर क्रमांक दिसतो, खांबावर धोक्याच्या पातळीची रंगीत खूण दिसते. त्याच्या नावाची नोंदवही असते, पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते. मुसळधार पावसाच्या रात्री गस्तवाला हातात दिवा घेऊन रुळांवरून चालतो, नाजूक पुलांवर पहारेकरी बसतो आणि पाणी खुणेला टेकले तर गाडी अडवण्याचा अधिकार त्याला असतो. त्यासाठी मुंबईची परवानगी लागत नाही. देशात शंभरी उलटलेले रेल्वेचे हजारो पूल आजही गाड्या वाहत आहेत ते या शिस्तीवर. ही शिस्त फुकटात आलेली नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये तमिळनाडूत अरियलूरजवळ पुराने पूल खचून गाडी नदीत गेली, शंभराहून अधिक प्रवासी मेले आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी पद सोडले. पुलाच्या पायाखालच्या रेतीची जबाबदारी मंत्र्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचली होती. रस्त्यावरच्या पुलाच्या बाबतीत ती कनिष्ठ अभियंत्याच्या वर गेल्याचे उदाहरण आठवावे लागते.

आता बचावाकडे. समुद्राने हा धडाही फार महागात शिकवला. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ सकाळीच बुडाली. दिवस गटारी अमावास्येचा, बोट भरलेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला पत्ता लागला तो दुपार कलल्यावर, पाण्यातून वाचून आलेल्या एका मुलाकडून. सहाशेहून अधिक माणसे गेली. जी वाचली त्यांतली बरीच वाचवली ती मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी. त्यानंतर तीस वर्षांनी, १९७७ मध्ये तटरक्षक दल उभे राहिले आणि समुद्रातल्या शोध-बचावाला एक केंद्र, एक दूरध्वनी क्रमांक आणि एक जबाबदार अधिकारी मिळाला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा तराफा मुंबईजवळच्या समुद्रात बुडाला, तेव्हा त्यावरच्या २६१ जणांपैकी १८० हून अधिक जणांना नौदल आणि तटरक्षक दलाने काळोखात, खवळलेल्या पाण्यातून बाहेर काढले. इशारा मिळूनही तो तराफा तिथे का थांबला हा प्रश्न उरतोच, आणि बचाव चांगला झाला म्हणून तो माफ होत नाही. पण बचावाची यंत्रणा होती, आणि ती चालली.

नदीवर काय होते ते पाहा. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि सतरा जण बुडाले. ती बचावाचीच नाव होती. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला डोंग्यातून वैनगंगा ओलांडत होत्या. सहा जणी गेल्या. पूर नव्हता, वादळ नव्हते, जानेवारीची सकाळ होती. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या पाण्यात कळाशी-कुगाव दरम्यान बोट उलटून सहा जण मेले. यांतल्या कुणाच्याही अंगावर तरंगणारे जाकीट असते तर किती वाचले असते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने साध्या, वल्ह्यांच्या नावांची नोंद ठेवण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिले आहे. कायदा झाला, झुंजची नावही त्याच वर्षी बुडाली.

बचाव दले आहेत की, असे यावर सांगितले जाईल. आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला आहेत, राष्ट्रीय दलाची अकादमीही नागपुरात आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत गावोगावचे तरुण प्रशिक्षित केले जातात. तरीही पाण्यात पडलेल्या माणसाकडे मिनिटे असतात, आणि नागपूरहून निघालेले पथक मोकळ्या रस्त्यावरून कितीही वेगाने आले तरी तासाच्या आत समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या नाल्यावर पोहोचणे कठीण. पुरात रस्ता मोकळा असतच नाही. तोवर उतरतात ते गावातले भोई आणि ढिवर समाजाचे पोहणारे. दर वेळी तहसीलमधून त्यांना निरोप जातो, बहुतेक वेळा जिवंत माणसासाठी नव्हे, तर प्रेत शोधण्यासाठी. त्यांच्या हाती ना पगाराचा कागद, ना विमा. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले, कारण बुडणारा माणूस फोन करून थांबत नाही हे तिथे उमगले. वर्धा, वणा, वैनगंगेच्या काठी ज्यांना पाण्याचा अंदाज पिढीजात आहे त्यांना पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मानधन, जाकीट, दोर, नाव आणि विमा देऊन नेमणे हा उपकार नव्हे, नोकरभरती आहे.

लोकच बेफिकीर असतात, मग सरकारने काय करावे, हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला. रविवार होता, पर्यटक शंभरावर, काही जण दुचाकी घेऊन चढलेले. पूल धोकादायक असल्याची पाटी होती. चार जण गेले. नव्या पुलाला निधीही मंजूर झालेला होता. लोकांचा दोष नाही असे कोण म्हणेल? पण समुद्रातही कप्तान बेफिकीर असतातच. दीपगृह बांधणाऱ्यांनी शहाण्या खलाशाचा विचार केला नव्हता. त्यांनी थकलेल्या, घाई झालेल्या, नकाशा चुकलेल्या खलाशाचा केला. पाटी वाचून माणूस थांबत नाही हे माहीत असेल तर पाटी लावणाऱ्याचे कर्तव्य तिथे संपत नाही. कुंडमळ्याला पाटीच्या जागी रविवारपुरता साखळी लावून उभा राहणारा एक माणूस असता तर पूल रिकामा पडला असता.

आणि तंत्रज्ञान? महामार्ग मंत्रालयाने सावित्रीच्या दुर्घटनेनंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबर २०१६ मध्ये, पुलांची देशव्यापी संगणकीय नोंद सुरू केली. दीड लाखांहून अधिक पूल आणि मोऱ्यांना क्रमांक मिळाले. खांबाच्या पायाशी किती खड्डा पडला ते मोजणारी उपकरणेही मिळतात. ब्रिटनमध्ये १९९८ नंतर एकाही दीपगृहात राखणदार राहत नाही, मग इथे पुलावर माणूस बसवण्याचा आग्रह कशाला, असे कुणी विचारील. उत्तर असे की तिथे माणूस मनोऱ्यातून गेला, जबाबदारी गेली नाही. दिवा विझला तर दूर कुठेतरी गजर वाजतो आणि तो ऐकण्यासाठी चोवीस तास कुणीतरी पगारावर बसलेले असते. उपकरण जरूर लावा, पण ते वाजल्यावर महामार्ग बंद करण्याचा हुकूम कोण देणार, हे आधी लिहून काढा. शिवाय ती संगणकीय नोंद राष्ट्रीय महामार्गांची. जिल्हा परिषदेचा रपटा आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचा जुना पूल तिच्यात नाही, आणि माणसे बुडतात ती बहुधा तिथेच.

राहिला पैशाचा प्रश्न. जामच्या अलीकडे बोरखेडीला आणि पलीकडे दारोड्याला टोलनाके आहेत. जहाज शुल्क भरते तेव्हा ते दिव्यासाठी भरते. फास्टॅगमधून कापलेल्या रकमेतले पुलाच्या पायासाठी किती, हे गाडीवाल्याला कळायची सोय नाही. टोलमधला एक ठरलेला हिस्सा, कितीही लहान असो, त्या मार्गावरच्या आणि त्याला मिळणाऱ्या रस्त्यांवरच्या पुलांच्या निगराणीसाठी वेगळ्या खात्यात टाकावा आणि वर्षाअखेर खर्च नाक्यावरच फलकावर लावावा. याच जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग सरकारने योजला आहे. त्याच्या आखणीवरून वाद आहेत, ते चालू द्या. पण विदर्भातून समुद्राकडे नवा रस्ता काढण्याची ऐपत असलेल्या राज्याला जुन्या पुलांवर चार महिने पहारेकरी ठेवायला पैसा नाही, हे कारण टिकणारे नाही.

जामपासून हे सुरू करता येईल. महामार्ग पोलिसांचे केंद्र इथे आहेच. वणा, वर्धा आणि पोथरेवरच्या पुलांच्या पातळीचा आकडा पावसाळ्यात तिथे तासातासाला यावा, चौरस्त्यावर फलकावर झळकावा, आणि ठरलेल्या खुणेला पाणी टेकताच वाहने इथेच थांबवण्याचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याला लेखी मिळावा. त्याआधी नागरिकांच्या हातात एक गोष्ट आहे. तुमच्या गावाजवळचा पूल किंवा रपटा कुणाचा, महामार्ग प्राधिकरणाचा, बांधकाम विभागाचा की जिल्हा परिषदेचा, ते शोधा आणि त्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. चारच गोष्टी विचारा: पूल कोणत्या वर्षीचा, त्याच्या पायाची, पाण्याखालच्या भागाची तपासणी शेवटची कधी झाली, पूर आला तर तो बंद करण्याचा अधिकार कोणत्या पदावरच्या व्यक्तीला आहे, आणि सर्वांत जवळची बचावाची नाव कुठे ठेवलेली आहे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे.